गाव कोणतं तुमचं?

सुरत-भुसावळ पॅसेंजरचा जनरल डबा. श्रावण लागलाय, खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा रविवार तोंडावर आलाय, त्यामुळे उधन्यालाच डबा भरून गेलाय. तिघांच्या बाकावर चौघं दाटीवाटीनं बसलेत. खिडकीशी साठीच्या एक मावशी आहेत. सुरतेला लेकीचं बाळंतपण उरकून त्या धरणगावकडे निघाल्यात. समोर पस्तिशीचा एक जण, लिंबायतला राहणारा, साडीच्या कारखान्यात काम करणारा. बारडोलीपर्यंत दोघांत एक अक्षर बोलणं होत नाही. व्याऱ्याला मावशी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतात, त्याला पाय सरळ करायला जागा देतात. नवापूरला दशम्यांचं फडकं सुटतं आणि ठेचा लावलेली एक दशमी समोर जाते. नंदुरबारला मिरचीचा विषय निघतो. नंदुरबार मागे पडल्यावर तो माणूस आवाज खाली आणून सांगतो, की तीन महिन्यांपूर्वीच त्याचं काम सुटलंय. घरी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडतो, संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परत येतो. बायकोला ठाऊक नाही, सख्ख्या भावाला ठाऊक नाही.

मावशी ऐकून घेतात. मग त्याही सांगतात. दोन मुलं आहेत, वाटणीवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि आई एकाकडे राहिली की दुसरा आठवडाभर अबोला धरतो. दोंडाईचा येतं. तो पिशवी उचलतो, "येतो मावशी" म्हणतो आणि उतरतो. एकमेकांचं नाव विचारायचं राहूनच गेलेलं असतं.

हे चित्र मी अनेक प्रवासांतून जुळवलंय, त्यातली माणसं कुणी एक नाहीत. तरी खानदेशात पॅसेंजरनं प्रवास केलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. आणि त्यातलं कोडंही. जे बायकोला सांगता आलं नाही, ते नावही माहीत नसलेल्या बाईला कसं सांगितलं गेलं? जवळच्या माणसापाशी मन मोकळं होतं, ही आपली साधी समजूत. गाडीत ती उलटी होते. का, ते एकेक धागा सोडवत पाहू.

परका, पण किती परका?

गाडीत ओळखीची सुरुवात बहुधा एकाच प्रश्नानं होते. अहिराणीत "तुमनं गाव कोनतं?" आणि शहरी बोलीत "कुठले तुम्ही?" गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की "मग अमक्या आबांच्या घरचे का तुम्ही?" वरवर हा अगत्याचा प्रश्न आहे. माझ्या मते त्यात एक तपासणीही दडलेली असते. दोघांच्या मध्ये कुणी तिसरा ओळखीचा निघतो का, याची.

खानदेशात सोयरिकीचं जाळं दाट आहे. चोपड्याची लेक साक्रीला दिलेली, साक्रीची पाचोऱ्याला, आणि तिघींच्या घरचे लोक एकाच लग्नात पंगतीला. अशा जाळ्यात बातमीला वाट सापडायला वेळ लागत नाही. विहिरींना आतून झरे जोडलेले असावेत तसं हे आहे. एका विहिरीत रंग टाकला तर तो दुसरीत कधी उतरेल, सांगता येत नाही. नोकरी गेल्याची गोष्ट भावाला सांगितली, की ती वहिनीकडे, वहिनीकडून तिच्या माहेरी आणि तिथून बायकोच्या कानावर. भाऊ वाईट आहे म्हणून ती पोचते असं नाही. वाट आहे, म्हणून ती पोचते.

बाकावरच्या अनोळखी माणसापर्यंत अशी वाट नसते. त्याला सांगितलेलं तिथंच मुरतं. म्हणूनच "गाव कोणतं" या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं ठरतं. ओळख निघाली, की गप्पांना भरती येते, चहा येतो, "घरी या एकदा" होतं, पण पोटातलं पोटातच राहतं. ओळख नाही निघाली, तर आधी जरा निराशा वाटते आणि मग तासाभरानं खरं बोलणं सुरू होतं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की सोयरीक निघाल्यावर एखाद्याच्या चेहऱ्यावर पडणारा सावधपणाचा पडदा आता मला ओळखू येतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली 'परका' या विषयावर एक छोटा निबंध लिहिला. जवळच्या माणसांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी लोक परक्याला सांगून टाकतात, हे त्यांनी त्यात नोंदवलं होतं. परका गावच्या भांडणात कुठल्याच बाजूला बांधलेला नसतो. त्याला आपल्याकडून काही घ्यायचं नसतं आणि आपण त्याचं काही देणं लागत नाही. अलीकडे अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मारिओ स्मॉल यांनी माणसं महत्त्वाच्या गोष्टी नेमक्या कुणाशी बोलतात, हे तपासलं. त्यांना दिसलं, की अशा ऐकणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक बोलणाऱ्याच्या खास जिव्हाळ्याचे नसतातच. जिव्हाळ्याच्या माणसाला सांगण्याची किंमत जास्त पडते. त्याला काळजी लागते, तो रागावतो, सल्ला देतो, दहा दिवसांनी पुन्हा विचारतो.

तिकिटावर छापलेला शेवट

परका तर बाजारातही भेटतो. मग आठवडी बाजारात कुणी कुणाला पोटातलं का सांगत नाही? कारण तिथं वेळ नसतो आणि कुणी जागेवर थांबत नाही. गाडीत दोन उलट्या गोष्टी एकत्र येतात. काही तास कुणी उठून जाऊ शकत नाही आणि काही तासांनी प्रत्येकाला उठून जावंच लागतं.

उधना ते जळगाव हा ताप्ती खोऱ्यातला मार्ग सुमारे तीनशे किलोमीटरचा. पॅसेंजर वाटेत लहानमोठ्या स्टेशनांवर थांबत जाते, त्यामुळे आठ-नऊ तास सहज जातात. एवढ्या वेळात अनोळखीपणा झिजतो. आणि तिकिटावर उतरायचं स्टेशन छापलेलं असल्यामुळे या नात्याला शेवट आहे, हे दोघांनाही पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. सांगितलेल्या गोष्टीचं पुढे ओझं होणार नाही, उद्या सकाळी त्याच डोळ्यांना डोळे भिडवायचे नाहीत, याची ती हमी असते.

चाळीसगाव-धुळे मार्गावर वेगळं चित्र दिसतं. अंतर ५६ किलोमीटर. जामदा, राजमाने, शिरूड करत गाडी तासा-सव्वा तासात धुळ्याला लागते. तिथं बोलणं बहुतेक वेळा कपाशीचा भाव, पाऊस आणि दवाखान्याची वेळ यांतच संपतं. शिवाय या गाडीत रोज अप-डाऊन करणारे बरेच. त्यांचा परकेपणा आणखी निराळा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ साली अशा माणसांना 'ओळखीचे अनोळखी' म्हटलं. स्टेशनवर रोज दिसणारी, चेहऱ्यानं पक्की ठाऊक असलेली, पण कधीच न बोललेली माणसं. जितके दिवस बोललो नाही, तितकं बोलणं अवघड होत जातं. हीच दोन माणसं दूरच्या गावी अचानक समोर आली, तर मात्र चटकन बोलतात, असंही त्यांनी म्हटलं होतं. अप-डाऊनवाल्यांना हे पटेल. चाळीसगावच्या फलाटावर वर्षभर मान न हलवणारे दोघं पंढरपुरात भेटले, तर गळ्यात पडतात.

एक पायरी तू, एक पायरी मी

मावशींनी सुरुवातीलाच मुलांचं भांडण काढलं असतं, तर समोरच्यानं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली असती. आधी जागा दिली, मग दशमी, मग मिरचीचा भाव. देवाणघेवाणीचा हा जिना आहे.

झिक रुबिन या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथं उपयोगी पडतो. बॉस्टनच्या विमानतळावर वाट पाहत बसलेल्या प्रवाशांकडे त्यांचे विद्यार्थी गेले आणि स्वतःबद्दल चार ओळी लिहून द्यायची विनंती करू लागले. त्याआधी विद्यार्थी स्वतःबद्दलचे चार शब्द दाखवत. विद्यार्थ्यानं वरवरचं लिहिलं असेल, तर प्रवासीही वरवरचं लिहीत. विद्यार्थ्यानं आतलं काही लिहिलं, की प्रवासीही आतलं लिहीत. पण त्याला मर्यादा होती. हा आपल्यालाच उद्देशून एकदम फार खासगी काही सांगतोय असं वाटलं, की प्रवासी सावध होत आणि हात आखडता घेत. दुसऱ्याच्या दुःखाला आपण आपलं दुःख देऊन उत्तर देतो, ही झाली परतफेड. आणि मोठी रक्कम पहिल्याच भेटीत पुढे आली, की संशय येतो. उसनवारीचाच हा नियम.

पायऱ्या नीट लावल्या, तर वेळही फार लागत नाही. आर्थर ऍरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना ३६ प्रश्न दिले. प्रश्न साधे सुरू होत आणि हळूहळू खोल जात. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं होतं. पाऊण तासानंतर या जोड्यांना एकमेकांबद्दल जी जवळीक वाटली, ती नुसत्या इकडच्या-तिकडच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. पॅसेंजरमध्ये प्रश्नांची यादी कुणाकडे नसते. तिथं ते काम स्टेशनं करतात. प्रत्येक थांब्यावर बोलणं तुटतं, चहावाला येतो, कुणी चढतं, कुणी उतरतं. गाडी हलली, की तुटलेला धागा पुन्हा उचलायचा की सोडून द्यायचा, हे ठरवायची मोकळीक मिळते. प्रत्येक वेळी उचलला, की एक पायरी वर.

आणि खाणं. भूक लागली म्हणून दशमी पुढे केली जाते, हे खरंच. पण ती घेणाऱ्यानं हात पुढे करताना 'माझा तुमच्यावर विश्वास आहे' हेही न बोलता सांगितलेलं असतं. दुधात पीठ मळलेली, दोन दिवस टिकणारी दशमी ही प्रवासासाठीच केली जाते, आणि मी तरी एका माणसापुरत्या मोजून बांधलेल्या दशम्या अजून पाहिलेल्या नाहीत. अनोळखी माणसाकडून खाऊ नका, ही रेल्वे पोलिसांची सूचना मात्र खरी आहे. गुंगीचं औषध घालून लुटल्याचे प्रकार होतात. मन मोकळं करताना पाकीट आणि पत्ता जपावा.

खिडकी आणि जातं

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे नजर. घरी महत्त्वाचं बोलायचं, तर समोरासमोर बसावं लागतं, आणि समोरचा चेहरा प्रत्येक शब्दाला बदलत असतो. तो वाचणं हे मेंदूचं एक कामच असतं. म्हणून अवघड प्रश्नाचं उत्तर आठवताना आपण आपोआप छताकडे पाहतो. गाडीत नजर ठेवायला खिडकी असते. बाहेर केळीच्या बागा, कपाशीची रानं, नदीचं पात्र. बोलणारा बाहेर पाहत बोलतो, ऐकणाराही बाहेर पाहत ऐकतो. मध्येच गप्प झालं, तरी अवघडल्यासारखं होत नाही, कारण रुळांचा आवाज ती जागा भरून काढतो. आणि तोच आवाज बोलणं पलीकडच्या बाकापर्यंत जाऊ देत नाही.

आपल्याकडच्या बायकांना ही युक्ती फार आधीपासून माहीत होती. पहाटे जात्यावर दोघी बसायच्या, हात खुंट्याला, डोळे पिठाकडे, आणि घरघरीच्या आडोशानं सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेलं लेकरू असं सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरीही घरकाम आणि शेतकाम करतानाच गाणी रचत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी ती लिहून घेतली म्हणून टिकली. हात आणि डोळे कामात गुंतलेले असले, की तोंड मोकळं होतं. गाडीत डोळ्यांना ते काम खिडकी देते.

| चौकट: गाडीत मन का उघडतं? |
|---|
| ऐकणाऱ्यापासून आपल्या घरापर्यंत बातमीची वाट नसते. काही तास दोघंही जागेवर असतात आणि नात्याचा शेवट आधीच ठरलेला असतो. जागा, खाणं, भाव, मग दुःख अशी देवाणघेवाण पायरी-पायरीनं चढते. खिडकीमुळे नजरेला आणि रुळांच्या आवाजामुळे शांततेला आडोसा मिळतो. यातलं एखादं नसलं, तर बोलणं होतं, पण बहुधा वरवरचं. |

एकाच वाटेचे दोघं

सगळेच प्रवासी अशा प्रवासात संकटापासून लांब जात नसतात. काही थेट संकटाकडे निघालेले असतात. जळगाव-भुसावळकडून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत दवाखान्याची फाइल उशाशी घेऊन झोपलेलं माणूस नेहमी दिसतं. परळला टाटा रुग्णालयात तपासणीला निघालेल्या दोन घरांची गाठ पडली, की पाचच मिनिटांत बोलणं सुरू होतं. इथं जिना लागत नाही. "कुठला वॉर्ड?" एवढं पुरतं.

अमेरिकेतले जेम्स कुलिक आणि हाइक माहलर यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. शेजारच्या खाटेवर कोण आहे, याचा काय फरक पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. शेजारी शस्त्रक्रिया आधीच झालेला माणूस असेल, तर रुग्णाची चिंता कमी राही, आणि शस्त्रक्रियेनंतर तो चालायलाही लवकर लागे, घरीही लवकर जाई. त्यांचा हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. कारण समजायला सोपं आहे. डॉक्टर काय होणार ते सांगतात. त्यातून गेलेला माणूस ते कसं वाटतं ते सांगतो. कितव्या दिवशी दुखणं उतरतं, रात्री झोप लागते का, जेवण कधी गोड लागतं. दुसऱ्यांदा निघालेला नातेवाईक पहिल्यांदा निघालेल्याला धर्मशाळा कुठे, रांगेत किती वाजता उभं राहायचं, कागदांच्या झेरॉक्स किती लागतात हे सांगतो, तेव्हा तो माहिती तर देतोच, पण आपण यातून जाऊन इथं बसलोय हेही दाखवतो.

सांगून काय मिळतं?

काम सुटलेल्या माणसाचं काम सांगून परत मिळालं नाही. तरी दोंडाईचाला उतरताना तो हलका झालेला असतो. हा भास आहे का?

जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाला सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला किरकोळ विषय दिले. लिहिताना पहिला गट जास्त उदास झाला. पण पुढच्या सहा महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या चकरा इतरांपेक्षा कमी झाल्या.

का, याचं मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं. मनात दुःख सुट्या तुकड्यांत पडलेलं असतं. मालकाचा चेहरा, बंद पडलेलं यंत्र, बायकोनं सकाळी भरलेला डबा. ते तुकडे दिवसरात्र फिरत राहतात. परक्याला सांगायचं, तर त्याला आधीचं काहीच माहीत नसतं. म्हणून सुरुवातीपासून, क्रमानं सांगावं लागतं. आधी काय झालं, मग काय, मग मी काय केलं. सांगता सांगता तुकड्यांची माळ होते. घरच्यांना सांगताना हा क्रम लागत नाही, कारण पहिल्याच वाक्याला ते मध्ये बोलतात. परक्याचं अज्ञान असं कामाला येतं. आणि एकदा माळ झाली, की तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं. गाडीतलं बोलणं पुष्कळदा घरातल्या बोलण्याची तालीम असते.

आधी कुणी बोलायचं?

आता डब्यात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आणि समोरच्याला त्रास नको असं प्रत्येकाला वाटतं. हे वाटणं बरोबर आहे का, हे निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या रोजच्या गाड्यांत तपासलं. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, काहींना नेहमीसारखं वागायला. प्रवासानंतर बोललेल्यांनाच प्रवास सर्वांत सुखाचा वाटला. 'तुम्हाला असं सांगितलं असतं, तर?' असं आणखी काही प्रवाशांना विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज नेमका उलटा निघाला. बोलत केलेला प्रवास सर्वांत कमी सुखाचा होईल, असं त्यांना वाटत होतं. निम्मेसुद्धा लोक आपल्याशी बोलायला तयार नसतील, असा त्यांचा हिशोब होता. प्रत्यक्षात ज्यांनी बोलायचा प्रयत्न केला, त्यांपैकी कुणीही झिडकारल्याचं सांगितलं नाही. दोन्ही बाजूंना बोलायचं होतं आणि दोन्ही बाजू समोरच्याला नको असेल म्हणून गप्प होत्या.

जनरल डब्यात ही कोंडी फुटते, कारण तिथं गर्दीच बोलायला लावते. "सरका ना जरासं, भाऊ" म्हटल्याशिवाय बसायलाच मिळत नाही. वातानुकूलित डब्यात प्रत्येकाची जागा आखलेली, चादर वेगळी, पडदा वेगळा. तिथं कुणाला कुणाची गरजच पडत नाही.

मावशींकडे उरलेलं

या सगळ्या संशोधनात सांगणाऱ्याकडे जास्त लक्ष आहे. ऐकणाऱ्याचं काय होतं, हे मला नेहमी छळतं.

तो दोंडाईचाला उतरला. मावशींची गाडी पुढे निघाली. शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर. समोरच्या जागेवर आता कॉलेजचा एक मुलगा बसलाय, कानात वायर घातलेला. मावशींच्या मांडीवर दशम्यांचं रिकामं फडकं आहे आणि डोक्यात एका अनोळखी माणसाचं घर. त्यानं कानबाईच्या रोटांच्या जेवणाला बसल्यावर बायकोला सांगितलं असेल का? पूजेच्या दिवशी नको, म्हणून सोमवारवर ढकललं असेल का? की गुपचूप परतीची गाडी धरून, डबा घेऊन पुन्हा निघायला लागला असेल? हे मावशींना कधीच कळणार नाही. कुणाला विचारणार? नाव माहीत नाही, आणि घरी सांगावं तर "कोण तो?" या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही.

अमळनेर गेल्यावर त्या मोबाइल काढतात आणि धाकट्याचा नंबर लावतात. "काही नाही रे, सहजच. थोरल्याला घेऊन स्टेशनवर ये. दोघं या." पलीकडून काय उत्तर आलं, ते गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही.